टँकमधला फर्न जेवतो कुठून?

जावा फर्न ही सगळ्यात चिवट पाणवनस्पती, असं प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी, करणारा कुणीही नवशिक्याला सांगतो. ते खरंच आहे. मंद प्रकाश, जड पाणी, खत नाही, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नाही, अशाही टँकमध्ये तो जगतो. पण जगणं वेगळं आणि निरोगी असणं वेगळं. काळवंडलेल्या कडा, भोकं पडलेली पानं, टोकांवर काळ्या शेवाळाची झालर आणि महिनोन्‌महिने एखाद-दुसरं नवं पान, असा फर्न कितीतरी टँकमध्ये दिसतो आणि मालकाला वाटतं, हा असाच असतो. तो असा नसतो. नीट वाढलेल्या जावा फर्नची पानं वीतभर लांब, टणक आणि गडद हिरवी असतात. त्याचा झुबका भरला की ज्या लाकडावर तो बसलाय ते लाकूडच दिसेनासं होतं.

तसा तो वाढवायचा तर आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यायला हवी. हा मातीतून खाणारा जीव नाही. त्याचं बहुतेक सगळं पोषण आजूबाजूच्या पाण्यातून, पानांवाटे होतं, आणि तेही सावकाश. कुठे बांधायचा, किती प्रकाश द्यायचा, खत कुठे घालायचं, शेवाळ त्याच्याच पानांवर का बसतं, या सगळ्याची उत्तरं यातूनच निघतात.

खोड उघडं ठेवायचं

फर्न हातात घेऊन नीट पाहा. वर पानं, खाली काळपट केसांसारखी मुळं आणि दोघांच्या मधे आडवं पसरलेलं, काही मिलिमीटर जाडीचं, हिरवट-तपकिरी दांडकं. अनेकांना ते जाड मूळ वाटतं. ते खोड आहे. टँकवाल्यांच्या बोलण्यात ते रायझोम. सगळी पानं त्याच्याच वरच्या अंगातून फुटतात, मुळं खालच्या अंगातून निघतात, आणि ते पुढच्या टोकाने हळूहळू सरकत वाढत जातं. पानं मेली तरी फर्न मरत नाही. खोड मेलं की संपलं.

जंगलात हा फर्न राहतो ओढ्याकाठी, दगडांना आणि पाण्यात पडलेल्या ओंडक्यांना चिकटून. ईशान्य भारतापासून दक्षिण चीन, इंडोनेशिया ते न्यू गिनीपर्यंतच्या उष्ण, ओल्या प्रदेशांत तो आढळतो. पाणी चढलं की पूर्ण बुडतो, उतरलं की दमट हवेत उघडा पडतो. अशा जागी माती जवळजवळ नसतेच. त्यामुळे त्याच्या मुळांवर पहिली जबाबदारी पकड ठेवण्याची असते, प्रवाहाबरोबर वाहून न जाण्याची.

आता हेच खोड खडीत पुरलं तर काय होतं? खडीच्या किंवा अ‍ॅक्वासॉइलच्या, म्हणजे टँकसाठी मिळणाऱ्या तयार मातीच्या, थरात पाणी फारसं हलत नाही. तिथले जिवाणू ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे थोडं खाली गेलं की ऑक्सिजन झपाट्याने कमी होतो. दलदलीतल्या अनेक वनस्पतींच्या देठांत आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून पानांत तयार झालेला ऑक्सिजन खालपर्यंत पोचतो. वाहत्या पाण्यात दगडावर राहणाऱ्या फर्नच्या खोडाला गुदमरायची सवय नाही. ते मऊ पडतं, तपकिरी होतं, मग काळं होऊन कुजतं. ही क्रिया काही आठवडे चालते आणि तोवर वरची पानं हिरवीच दिसतात, म्हणून खरं कारण लक्षात येत नाही. वरवर ठीक दिसणारा फर्न एक दिवस हात लावताच पानागणिक सुटून येतो.

खोडाची तब्येत बोटाने कळते. हलकेच दाबून पाहा. टणक लागलं तर जिवंत आहे, मग त्यावर एकही पान नसलं तरी चालेल. मऊ, पिचपिचीत लागलं, वास आला, तर तो भाग धारदार पात्याने कापून टाकायचा, अगदी निरोगी, टणक भाग लागेपर्यंत. सडलेला तुकडा राहू दिला तर सड पुढे सरकते.

लाकडावर किंवा दगडावर बसवण्याच्या तीन रीती आहेत. सुती दोरा काही आठवड्यांत पाण्यात कुजून जातो, तोवर मुळांनी पकड घेतलेली असते, आणि मला हीच पद्धत सर्वांत आवडते, कारण नंतर काही सोडवावं लागत नाही. मासेमारीची नायलॉनची तंगूस कुजत नाही, म्हणून जोराच्या प्रवाहात ती बरी. मात्र फार आवळली तर खोडात रुतते. तिसरी रीत झटपट चिकटणाऱ्या सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाची, त्यातही पातळ गोंदापेक्षा जेल. तो ओलाव्याने घट्ट होतो आणि सुकल्यावर माशांना अपाय करत नाही. मुळांच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी थेंबभर पुरतो. संपूर्ण खोड गोंदाने माखण्याचं कारण नाही. दगड किंवा लाकूड आधी फडक्याने टिपून घेतलं की पकड चांगली बसते. मुळांना स्वतःची पकड घ्यायला महिना-दोन महिने लागतात. त्या काळात फर्न उचलून जागा बदलत राहणं ही त्याच्यावर केलेली मोठी सक्ती आहे.

एक खुलासा इथेच करतो. खोड न पुरण्याचा नियम जावा फर्न आणि आफ्रिकन वॉटर फर्न, म्हणजे बोल्बिटिस, यांच्यासाठी आहे. टँकमधले सगळे फर्न असे नाहीत. चार पाकळ्यांच्या पानांचा मार्सिलिया हाही फर्नच, आणि तो जमिनीतच लावायचा असतो. वॉटर स्प्राइट म्हणजे सेराटॉप्टेरिस जमिनीतही लावता येतो आणि तरंगतही वाढतो. साल्विनिया आणि अझोला तर जन्मभर तरंगतात. साल्विनियाला खरी मुळं नसतातच, खाली लोंबणारे केसाळ धागे ही बदललेली पानं असतात. उलट जावा मॉस नावाने जावा फर्नचा भाऊ वाटतो, पण तो मॉस या वेगळ्याच वनस्पतिवर्गातला, फर्न नव्हे.

पहिल्या महिन्यात पानं का झडतात

विकत घेतलेला फर्न बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवलेला असतो. रोपवाटिकांना ते सोयीचं पडतं: दमट हवेत झाडं जोमाने वाढतात आणि पानांवर शेवाळ बसत नाही. पण हवेतलं पान आणि पाण्यातलं पान यांची घडण वेगळी. हवेतल्या पानावर पाण्याची वाफ अडवणारं मेणचट आवरण असतं आणि हवा आत घेण्यासाठी बारीक रंध्रं असतात. पाण्याखाली हे आवरण अडथळा ठरतं, कारण तिथे कार्बन डायऑक्साइड आणि क्षार थेट पानाच्या त्वचेतून आत यायला हवेत. म्हणून पाण्यात वाढलेलं पान सहसा पातळ आवरणाचं असतं.

जुनं पान नवी घडण घेऊ शकत नाही. ते हळूहळू निवृत्त होतं आणि त्याच्या जागी पाण्याला साजेसं नवं पान येतं. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत पानं पिवळी, तपकिरी, अर्धपारदर्शक होऊन गळत असतील आणि खोड टणक असेल, तर काहीही करू नका. खत वाढवणं, प्रकाश वाढवणं, औषध घालणं, सगळं टाळा. खराब झालेली पानं तेवढी काढत राहा, म्हणजे ती टँकमध्ये कुजून अमोनिया वाढवणार नाहीत. नव्या पानाचं गुंडाळलेलं टोक खोडातून वर आलेलं दिसलं की समजायचं, फर्नने जागा स्वीकारली.

यानंतर फर्नची तब्येत पाहायची ती या नव्या पानांवरून. जुन्या पानांवर मागच्या सगळ्या घडामोडींचे डाग राहतात, ते पुसले जात नाहीत. आजचं पाणी कसं आहे ते फक्त आज फुटणारं पान सांगतं.

मंद प्रकाशाचा प्राणी

फर्न हा झाडांच्या सावलीत राहणारा गट आहे, आणि या सावलीशी जुळवून घेण्यामागे एक विलक्षण गोष्ट आहे. बहुतेक आधुनिक फर्नांकडे निओक्रोम नावाचं प्रथिन असतं. ते लाल आणि निळा असे दोन्ही रंगांचे प्रकाश ओळखतं, त्यामुळे अंधूक उजेडातही पानं आणि पेशींतले हरितलवक प्रकाशाच्या दिशेने नेमके वळवता येतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की या प्रथिनाचा जनुक मुळात फर्नांचा नाही. तो हॉर्नवर्ट नावाच्या, मॉसच्या नात्यातल्या छोट्या वनस्पतींकडून कोट्यवधी वर्षांपूर्वी फर्नांकडे आला. टँकमध्ये तरंगणारा हॉर्नवर्ट वेगळा, तो फुलणाऱ्या वनस्पतींपैकी आहे. नावामुळे गोंधळ होतो म्हणून सांगितलं.

आपल्या कामाचा मुद्दा असा की फर्नला तेजस्वी प्रकाशाची गरज नसते, आणि तो दिला तर नुकसान होतं. नुकसान थेट प्रकाशाने क्वचितच होतं, होतं ते शेवाळामुळे. वेगाने वाढणाऱ्या देठवाल्या वनस्पतींची पानं काही आठवड्यांत छाटली जातात, त्यांच्यावर शेवाळ बसायला वेळच मिळत नाही. जावा फर्नचं एक पान महिनोन्‌महिने टिकतं. तेवढा काळ ते शेवाळाला बसायला मोकळी जागा देत राहतं. प्रकाश जितका जास्त, तितका शेवाळाचा वेग जास्त, आणि फर्नचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. ज्या टँकमध्ये फर्न मुख्य आहे तिथला प्रकाश सर्वांत सावकाश वाढणाऱ्या पानाच्या हिशेबाने ठरवायचा. माझ्या मते फर्नच्या देखभालीतली ही सर्वांत दुर्लक्षित बाब आहे.

ज्यांच्याकडे प्रकाश मोजायचं पार मीटर आहे त्यांनी पानांच्या पातळीवर २० ते ४० मायक्रोमोल धरावेत. मीटर नसेल तर दिवसाला ६ ते ८ तास, तेही टायमर लावून, आणि फर्न दिव्याच्या थेट खाली न ठेवता कडेला, उंच वनस्पतीच्या किंवा लाकडाच्या सावलीत ठेवणं एवढं पुरतं. पाण्यावर थोड्या तरंगत्या वनस्पती असल्या तर आणखी चांगलं. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर बाकीची सगळी गणितं कोलमडतात, टँकची जागा बदलणं हाच उपाय.

पाणी हलतं ठेवणं

पाण्यात कार्बन डायऑक्साइड पसरतो तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश. हा आकडा एकदा मनात ठसला की प्रवाहाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. प्रत्येक पानाभोवती स्थिर पाण्याचं एक अगदी पातळ पांघरूण असतं. पान त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि क्षार शोषून घेतं, आणि नवा पुरवठा त्या पांघरुणातून झिरपत येईपर्यंत उपाशी राहतं. पाणी हलतं असेल तर हे पांघरूण पातळ होतं आणि पुरवठा लवकर पोचतो. म्हणजे पाण्यात खत भरपूर असूनही कोपऱ्यातला, साचलेल्या पाण्यातला फर्न भुकेला राहू शकतो.

प्रवाह किती, हे पानं पाहून ठरवा. सगळी पानं हलकेच डोलत असली तर बरोबर. एका बाजूला कायम आडवी झोपलेली असतील तर जास्त. पानांवर धूळ, माशांची विष्ठा, अन्नाचे कण साचत असतील तर कमी. हा गाळ साधी गोष्ट नाही: तो प्रकाश अडवतो, आणि त्याच्या सेंद्रिय खुराकावर शेवाळ पोसलं जातं. पाणी बदलताना हाताने फर्नजवळ पाण्याला हलका झोत द्यायचा, गाळ उडाला की तो नळीने ओढून घ्यायचा. दर आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदलणं आणि फिल्टरचा स्पंज काढलेल्या टँकच्याच पाण्यात पिळून घेणं, यात फर्नची निम्मी सेवा होते. नव्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला विसरू नका.

कार्बन डायऑक्साइड वेगळा द्यायचा का? हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतो, मासे आणि जिवाणू श्वसनातून त्यात थोडी भर घालतात. सिलिंडर लावलेल्या टँकमध्ये तो २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेला जातो. फरक प्रचंड आहे आणि फर्नची वाढ दृश्यपणे सुधारते, बोल्बिटिसची तर फारच. तरी जावा फर्नसाठी सिलिंडर आवश्यक नाही, आणि अर्धवट वापर करण्यापेक्षा न वापरणं बरं. आज भरपूर, उद्या रिकामं, परवा दुप्पट असं चढउतार होणारं प्रमाण काळ्या शेवाळाला आमंत्रण देतं. लावायचा तर दिवे लागण्याच्या तास-दोन तास आधी सुरू, दिवे बंद होण्याच्या सुमारास बंद, आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील तर लगेच कमी.

खत आणि पानांवरच्या खुणा

लाकडावर बसलेल्या फर्नखाली खडीत खताच्या गोळ्या खोचणं व्यर्थ आहे. त्या गोळ्या जमिनीत मुळं सोडणाऱ्यांसाठी. फर्नचं खत पाण्यात विरघळलेलं हवं. फर्न पाण्यातून किती शोषतो याचा एक वेगळाच पुरावा प्रयोगशाळेतून आला आहे: जावा फर्न पाण्यातलं कॅडमियम हा विषारी धातू मोठ्या प्रमाणात शोषून साठवतो. जो चांगलं शोषतो तो वाईटही शोषतो, म्हणून तांबं असलेली माशांची औषधं प्लांटेड टँकमध्ये घालायची नाहीत. आजारी मासा वेगळ्या टबात हलवावा. तांबं कोळंबीलाही मारक असतं.

मासे असलेल्या टँकमध्ये नायट्रोजन आणि फॉस्फरस त्यांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून बऱ्यापैकी मिळतात. पोटॅशियम मात्र त्या मार्गाने फारसं येत नाही, आणि लोहासारखे सूक्ष्म घटकही कमी पडतात. ढोबळ लक्ष्य असं ठेवा: नायट्रेट लिटरला १० ते २० मिलिग्रॅम, फॉस्फेट १ मिलिग्रॅमच्या आसपास, पोटॅशियम १० ते २० मिलिग्रॅम. सिलिंडर नसलेल्या, कमी प्रकाशाच्या टँकमध्ये मिश्र द्रवखताची बाटलीवर लिहिलेल्या मात्रेची निम्मी मात्रा पाणी बदलल्यावर द्यायची आणि नव्या पानांकडे पाहत हळूहळू ठरवायची. पाणी आरओचं वापरत असाल तर त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ नसतात, ते परत घालावे लागतात.

पानांवरची खूण वाचायला एक किल्ली आहे. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम हे घटक वनस्पतीच्या आत हलवता येतात. टंचाई झाली की फर्न ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतो. म्हणून या घटकांची उणीव आधी जुन्या पानांवर दिसते. लोह आणि कॅल्शियम एकदा जिथे बसले तिथून सहज हलत नाहीत. त्यांची उणीव नव्या पानांवर उमटते.

जुनं पान सगळीकडून एकसारखं पिवळं पडत असेल तर नायट्रोजनकडे पाहा. जुन्या पानांवर ठिपक्यांसारखे डाग, मग त्यांची भोकं, कडा करपलेल्या, तर पोटॅशियमचा संशय आधी घ्यावा. नवं पान फिकट, जवळजवळ पांढरट-पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोह. नवं पान वेडंवाकडं, आखूड, टोकं वळलेली, तर कॅल्शियम, विशेषतः आरओच्या पाण्यात. मात्र एक सावधगिरी: एखाद-दुसऱ्या जुन्या पानावर भोक दिसलं म्हणून खताचा मारा करू नका. पान म्हातारं होतं, तेव्हाही ते असंच दिसतं. भोकांसाठी गोगलगाईंनाही उगाच दोष दिला जातो. टँकमधल्या नेहमीच्या लहान गोगलगाई मरत आलेला भाग खातात, निरोगी जावा फर्न सहसा सोडून देतात. तीन-चार पानांवर एकाच प्रकारची खूण दिसली तरच बदल करा, एका वेळी एकच, आणि परिणाम पाहायला तीन-चार आठवडे द्या. फर्नच्या बाबतीत आठवड्याभरात निष्कर्ष काढता येत नाही, तेवढ्यात त्याचं एक पानही पूर्ण उलगडत नाही.

तापमान २० ते २८ अंश सेल्सिअस आणि पीएच ६ ते ७.५ एवढ्यात जावा फर्न सुखी असतो. सतत त्याहून गरम पाण्यात पानं काळवंडतात.

ज्याला रोग समजतात पण तो रोग नव्हे

पानाच्या मागच्या बाजूला ओळीने आलेले तपकिरी, उंचवट्यासारखे ठिपके पाहून घाबरून पानं कापणारे पुष्कळ आहेत. ते बीजाणूंचे पुंजके आहेत. फर्नला फूल नाही, बी नाही. तो बीजाणूंनी पसरतो. बीजाणू ओल्या जागी रुजला की त्यातून आधी नखाएवढी किंवा त्याहून लहान, बहुधा पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची हिरवी पापडी तयार होते, तिच्यावर नर आणि मादी पेशी बनतात, नर पेशी पाण्याच्या थरातून पोहत मादी पेशीकडे जाते, आणि त्या मीलनातून आपण ज्याला फर्न म्हणतो ती वनस्पती उगवते. पाण्याने भरलेल्या टँकमध्ये हे सगळं सहसा पार पडत नाही.

मग पानाच्या टोकावर किंवा मागे जी चिमुकली रोपं फुटतात ती कोण? ती बीजाणूंतून आलेली नाहीत. जुन्या पानाच्या पेशींतून थेट फुटलेली ती बाळं आहेत, आईची हुबेहूब प्रत. काळे मुळांचे धागे आणि दोन-तीन इवली पानं दिसली की वाटायला नको, शेवाळ आलं. त्यांना वाढू द्या. तीन-चार पानं आणि बोटाच्या पेराएवढी उंची झाली की हलकेच ओढून सोडवता येतात, आणि कुठल्याही दगडावर बांधता येतात. फक्त एवढं पाहायचं, की सगळी पानं एकदम बाळं काढायला लागली आणि स्वतः काळी पडत असली, तर फर्नवर ताण आहे.

नव्या पानाचं टोक काचेसारखं अर्धपारदर्शक दिसणं स्वाभाविक आहे, काही दिवसांत ते हिरवं भरतं. काळी, केसाळ मुळंही निरोगीच.

काळ्या शेवाळाशी गाठ

फर्नच्या कडांवर बसणारं काळं, ब्रशसारखं शेवाळ हे खरं तर लाल शैवालांच्या गटातलं आहे. मरताना ते गुलाबी-लालसर होतं, आणि उपचार लागू पडला की नाही हे त्यावरूनच कळतं. ते बसलेलं पान हाताने पुसून साफ होत नाही. निम्म्याहून जास्त माखलेलं पान खोडाजवळून कापून टाका. पण एका वेळी एकतृतीयांशाहून जास्त पानं काढू नका, कारण पानं हेच त्याचं तोंड आहे.

थोडं माखलेलं असेल आणि फर्न दगडासकट उचलता येत असेल तर तो पाण्याबाहेर काढून ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने फक्त शेवाळावर लावायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, स्वच्छ पाण्यात धुऊन परत ठेवायचं. सयामी अल्गी ईटर हा मासा हे शेवाळ खातो. अमानो कोळंबी बाकीचं मऊ शेवाळ आणि मेलेले अवशेष साफ करते. हे सगळे मदतनीस. कारण तेच राहिलं, म्हणजे जास्त प्रकाश, साचलेला गाळ, वरखाली होणारा कार्बन डायऑक्साइड, तर शेवाळ परत येणार.

नव्या टँकमध्ये आणखी एक युक्ती फार कामाची. पहिले दोन-तीन महिने अमोनिया आणि प्रकाश दोन्ही वापरून टाकणारं काहीतरी वेगवान हवं असतं, आणि ते काम फर्नांतलाच सेराटॉप्टेरिस उत्तम करतो. तो इतका झपाट्याने वाढतो की त्याची एक जात, सेराटॉप्टेरिस रिचर्डी, प्रयोगशाळांत फर्नांच्या अभ्यासासाठी वापरली जाते. तिचा संपूर्ण जीनोम, म्हणजे जनुकीय आराखडा, २०२२ साली प्रसिद्ध झाला. सेराटॉप्टेरिस तरंगता ठेवला की सावली देतो, खालच्या लोंबत्या मुळांत माशांची पिल्लं लपतात. टँक स्थिरावला की त्याला कमी करत न्या. तरंगते फर्न काढून फेकताना ते नदी, तलाव, नाला यांत कधीही टाकू नका. दक्षिण अमेरिकेतला साल्विनिया मोलेस्टा जगभरातल्या उष्ण प्रदेशांत असाच पसरला आणि त्याने जलाशय झाकून टाकले. त्याला आवरायला त्याच्या मूळ प्रदेशातून एक छोटा भुंगेरा आणावा लागला. काढलेली झाडं वाळवून मगच कचऱ्यात टाका.

बोल्बिटिस आणि जावा फर्नचे प्रकार

बोल्बिटिस हा आफ्रिकेतल्या वाहत्या ओढ्यांतला फर्न. त्याची गडद, काचेसारखी चमकणारी, पिसासारखी कापलेली पानं मला सगळ्या पाणवनस्पतींत देखणी वाटतात. त्याच्या मागण्या थोड्या जास्त: जोराचा प्रवाह, स्वच्छ आणि किंचित आम्लधर्मी पाणी, २६ अंशांच्या आत तापमान, आणि जमल्यास कार्बन डायऑक्साइड. फिल्टरच्या झोतासमोरची जागा, जिथे बाकी झाडं वैतागतात, तिथे तो खुलतो. लावल्यावर दोन-तीन महिने काहीच घडत नाही असं वाटतं. त्या काळात तो मुळं बसवत असतो.

जावा फर्नमध्ये अरुंद पानांचा नॅरो, त्रिशूळासारखा ट्रायडंट, आणि टोकाला फाटे फुटलेला विंडेलॉव्ह असे प्रकार मिळतात. विंडेलॉव्ह हे नाव डेन्मार्कच्या होल्गर विंडेलॉव्ह यांच्यावरून आलं, ज्यांनी ट्रॉपिका ही पाणवनस्पतींची रोपवाटिका उभी केली. सगळ्यांची देखभाल सारखीच, फक्त विंडेलॉव्हच्या बारीक फाट्यांत गाळ जास्त अडकतो, त्याला प्रवाह थोडा जास्त द्यावा. पाने चिवट आणि बेचव असल्याने गोल्डफिश आणि सिक्लिडसारखे झाडं कुरतडणारे मासेही जावा फर्नला सहसा सोडतात.

खोड चांगलं लांब झालं, पानांची दाटी होऊन मधल्या पानांपर्यंत पाणी पोचेना, की वाटणी करायची वेळ झाली. लाकडावरून सगळा झुबका सोडवण्याची गरज नाही. धारदार, स्वच्छ पात्याने खोड जागेवरच कापता येतं. प्रत्येक तुकड्यावर तीन-चार निरोगी पानं आणि थोडी मुळं राहतील एवढं पाहायचं. कापलेल्या जागेच्या मागच्या भागातून सहसा नवे कोंब फुटतात, कारण आतापर्यंत वाढीचा जोर पुढच्या टोकाकडे होता. काढलेला तुकडा नव्या दगडावर बांधा, पुढचं टोक मोकळ्या बाजूला ठेवा, आणि पुढचे सहा-आठ आठवडे त्याला हात लावू नका.